फील्ड नेटवर्क: एनक्रिप्शन झालं, जॅमिंगचं काय?

कृष्णाकाठ_सांगली:
शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी लष्करी फील्ड नेटवर्कचं छोटं मॉडेल करतोय. एक नोड (रेडिओ केंद्र) दंडोबाच्या डोंगरावर, दुसरा विश्रामबागेत, ८६५-८६७ मेगाहर्ट्झवर. डेटा एईएस-२५६ जीसीएमने (मजकूर झाकणारी आणि तो खरा आहे हेही तपासणारी पद्धत) एनक्रिप्ट होतो. जॅमिंग (गोंगाटाने सिग्नल दाबणं) आणि स्पूफिंग (बनावट सिग्नल घुसवणं) रोखायला आणखी काय लागेल?

अजिंक्यतारा:
एनक्रिप्शनने मजकूर झाकला जातो, सिग्नल नाही. एक अक्षरही न वाचता शत्रू दोन ठिकाणांहून दिशा घेऊन नोडची जागा काढतो. म्हणून पॉवर गरजेपुरतीच ठेवा, संदेश लहान बर्स्टमध्ये (क्षणभराच्या तुकड्यांत) पाठवा, यागी अँटेना (मुख्यतः एकाच दिशेने सिग्नल सोडणारा) लावा.

जॅमिंगवर उपाय फ्रिक्वेन्सी हॉपिंग, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर सतत उड्या मारणं. अमेरिकेचा सिंगार्स रेडिओ ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये सेकंदाला १११ उड्या मारतो. उड्यांचा क्रम गुप्त किल्लीतूनच निघाला पाहिजे. ठरलेली यादी असेल तर ऐकणारा ती लगेच ओळखतो. तुमच्या २ मेगाहर्ट्झमध्ये २०० किलोहर्ट्झचे जेमतेम १० चॅनेल बसतात. एवढा पट्टा एका दमात गोंगाटाने भरता येतो, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

सिग्नल_मिरज:
त्याआधी जीसीएमचा नॉन्स (दर पॅकेटला वेगळाच लागणारा आकडा) तपासा, बहुतेक प्रोजेक्ट तिथेच फुटतात. बॅटरी काढून लावली की नॉन्स मोजणारा काउंटर शून्यावर जातो, आणि त्याच किल्लीवर तोच नॉन्स पुन्हा वापरला जातो. मग दोन पॅकेटांचा एक्सॉर (बिट-बिट ताडून फरक काढणं) घेतला की मजकुरांचा एक्सॉर मिळतो. प्रमाणीकरणाची (संदेश खरा आहे हे तपासायची) किल्लीही काढता येते, म्हणजे बनावट आदेश खरा म्हणून स्वीकारला जाईल.

नॉन्सच्या ९६ बिटांपैकी ३२ नोड आयडीला द्या, ६४ काउंटरला. काउंटर फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवा, पण दर पॅकेटला लिहू नका, फ्लॅश झिजते. आधी १००० आकडे राखून तेवढीच नोंद करा. रीबूट झालं की पुढच्या हजारापासून सुरुवात. जुनं पॅकेट पुन्हा सोडलं तर ओळखायला ६४ पॅकेटांची खिडकी (अलीकडे आलेल्या आकड्यांची नोंद) पुरते.

अजिंक्यतारा:
बरोबर. एक भर घालतो, वेळेची. हॉपिंगला दोन्ही नोडची घड्याळं जुळलेली लागतात आणि जीपीएस जमिनीवर पोचतो तो सुमारे उणे १३० डीबीएमने (डीबीएम हे सिग्नलच्या पॉवरचं माप), म्हणजे फारच क्षीण. तो दबला की स्थानिक क्रिस्टलवर (नोडमधल्या घड्याळावर) भिस्त. १ पीपीएम (दहा लाखांत एक) चूक धरली तर अडीच तासांत ९ मिलिसेकंद सरकतात, सिंगार्सच्या वेगाने एक अख्खी उडी. दोन्ही नोड उलट दिशेने सरकले तर सव्वा तासातच. जीपीएसची वेळ एकदम उडाली तर स्वीकारू नका, आधी क्रिस्टलशी ताडून बघा.

आणि चाचणीसाठी जॅमर हवेत अजिबात चालवू नका, परवानगीशिवाय तो बेकायदा आहे. दोन्ही नोड आणि सिग्नल जनरेटर केबलने कंबाइनरला (सिग्नल एकत्र करणारा जोड) जोडा, प्रत्येक फाट्यावर ३० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) लावा, आणि जनरेटरची पातळी १-१ डीबीने वाढवत पॅकेट कधी गळायला लागतात ते नोंदवा.