सदाहरित झुडपांची छाटणी कधी आणि किती करावी?

प्रश्न
कामिनी, तगर आणि मोरपंखी ही झुडपे बरीच वर्षे न छाटल्यामुळे अस्ताव्यस्त वाढली असून त्यांनी पायवाट अडवली आहे. सर्वांची उंची निम्म्यावर आणावी असा विचार आहे. परंतु या झाडांची पानगळ एकदम होत नसल्याने कात्री नेमकी कधी लावावी आणि एका वेळी किती कापावे, हे ठरवता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
तिन्ही झाडांना एकच माप लावू नये. मोरपंखीच्या फांद्या बाजूला सारून आत पाहिल्यास हिरवा पाला केवळ बाहेरच्या थरात असून आतला भाग तपकिरी व उघडा असल्याचे दिसेल. त्या जून लाकडाला सहसा नवा फुटवा येत नाही, त्यामुळे खोलवर कापल्यास तेथे कायमचे भगदाड राहते. प्रत्येक फांदीवर थोडा हिरवा पाला शिल्लक राहील इतकेच कापावे. कामिनी आणि तगर यांच्या जुन्या खोडावर मात्र सुप्त डोळे असतात, म्हणून ती कठोर छाटणीही सोसतात. तरीसुद्धा पाने हीच झाडाची अन्न तयार करण्याची जागा असल्याने एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक भाग न काढणे बरे.

उत्तर २
वेळेविषयी सांगायचे तर, मोठी छाटणी नवी पालवी फुटण्याच्या थोडे आधी करावी, म्हणजे जखमा लवकर भरतात आणि फुटव्याला वाढीचा पूर्ण हंगाम मिळतो. कडाक्याच्या थंडीच्या तोंडावर छाटल्यास कोवळे शेंडे करपतात, तर भर उन्हाळ्यात छाटल्यास आजवर सावलीत राहिलेली साल एकाएकी उघडी पडून भाजते. फुलांसाठी लावलेल्या झुडपांची छाटणी बहर ओसरल्यावर करावी. कॅमेलियासारख्या झाडांच्या कळ्या आधीच्या हंगामातील फांद्यांवर धरतात आणि उशिरा कात्री लावली की त्या कळ्याच कापल्या जातात. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे तिथे ही काळजी नको.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. तगरीच्या काही फांद्यांना पानेच नाहीत. त्या जिवंत आहेत की वाळल्या आहेत, हे कसे ओळखावे?

उत्तर १
नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडा असला तर ती निरोगी भागापर्यंत मागे कापावी. उरलेल्या जिवंत फांद्यांपैकी सर्वांत जुन्या एक तृतीयांश फांद्या दरवर्षी बुडापासून काढाव्यात, म्हणजे तीन वर्षांत झुडूप नव्याने भरते. केवळ वरवर कातरत राहिल्यास बाहेर दाट भिंत तयार होते आणि आत उजेड न पोहोचल्याने फांद्या उघड्या पडतात. तगरीचा चीक त्वचेला त्रास देऊ शकतो, म्हणून हातमोजे घालावेत.

उत्तर ३
मोरपंखीने पायवाट अडवली असेल तर हिरव्या थरापुरत्या छाटणीने वाट मोकळी होणार नाही. माझ्या मते ती काढून तेथे कमी पसरणारे झुडूप लावणेच श्रेयस्कर.