'उडती तबकडी' हा शब्द कोणी आणला, आणि तो बरोबर आहे का?

वर्धारोडवाला:
झालं असं की भाचीला शाळेत प्रोजेक्ट मिळालाय, "आकाशातील गूढ गोष्टी", आणि तिने विचारलं मामा युएफओला मराठीत काय म्हणतात, मी पटकन बोललो उडती तबकडी, तर म्हणे तबकडी म्हणजे काय. आता आली का पंचाईत. मी म्हटलं तबक असतं ना ओवाळायचं, त्याचं लहान रूप म्हणजे तबकडी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, तबकडी म्हणजे गाण्याची रेकॉर्ड रे, काहीही काय शिकवतोस पोरीला. आणि तिचंही बरोबरच होतं, आमच्याकडे माळ्यावर बाबांच्या जुन्या तबकड्या अजून पडून आहेत, काळ्या, जड, पडली की बशीसारखी फुटणारी. भाचीने एक हातात घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाली ही उडते?

मग मी बसलो शोधत. तबक अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलं, त्याला "डी" लागून ते लहान झालं, एवढं ठीक. पण "उडती" कुठून चिकटलं याची गोष्ट भारी आहे. २४ जून १९४७ ला अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड नावाचा माणूस स्वतःचं छोटं विमान घेऊन माऊंट रेनियर डोंगराजवळून चालला होता, त्याला नऊ चकाकत्या वस्तू अफाट वेगाने जाताना दिसल्या. त्याने सांगितलं की त्या अशा चालत होत्या जशी पाण्यावर बशी फेकल्यावर ती टप्पे खात जाते. म्हणजे बशी हे चालीचं वर्णन होतं, आकाराचं नाही! लहानपणी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाण्यावर आपण खापरीचे टप्पे टाकायचो, अगदी तेच. पेपरवाल्यांनी त्यातली चाल सोडून दिली, बशी उचलली आणि छापलं उडती बशी. आपण तिची तबकडी केली. गंमत म्हणजे त्यानंतर लोकांना खरंच बशीच्या आकाराच्या वस्तू दिसायला लागल्या. आधी शब्द आला, मागून वस्तू आली.

म्हणून माझा प्रश्न असा की हा शब्द वापरायचा का? कारण तबकडी म्हटलं की आकार ठरला, आकार ठरला की आत कोणीतरी बसलेलं असणार हेही ठरलं, आणि युएफओ या अक्षरांत तर फक्त एवढंच आहे की ओळख पटली नाही. "अज्ञात उडती वस्तू" असं पेपरात असतं पण ते वाचताना जीभ अडकते राव.

महालकर:
भाऊ, अज्ञातपेक्षा "अनोळखी" बरं. पोलिसांच्या पंचनाम्यात "अनोळखी इसम" लिहितात की नाही? त्या इसमाला कोणी मंगळावरचा समजत नाही, खिशात आधार कार्ड सापडलं नाही एवढाच अर्थ. उद्या नातेवाईक आले की तो ओळखीचा होतो, तोवर रकान्यात अनोळखी. उडत्या वस्तूलाही हाच न्याय लावा.

आणि दुसरी एक गोष्ट. इंग्रजीतल्या साइटिंगला पेपरवाले कधीकधी "दर्शन" लिहितात, उडत्या तबकडीचे दर्शन. अरे दर्शन देवाचं होते, टेकडीच्या गणपतीचं होते. एकदा दर्शन म्हटलं की बघणारा भक्त झाला आणि शंका काढणारा नास्तिक. मराठीत याच्यासाठी साधं सरळ आहे ना, "दिसलं". "मी पाहिलं" आणि "मला दिसलं" यात फरक आहे बघा. पाहिलं मध्ये पाहणारा मी, जबाबदारी माझी, उलटतपासणी झाली तर उत्तर द्यावं लागेल. दिसलं मध्ये मी नुसता उभा होतो, ते आलं आणि डोळ्यात शिरलं. मला एकदा फुटाळा तलावावर रात्री दोन नारिंगी दिवे हळूहळू वर जाताना दिसले होते, अर्धा तास मी सगळ्यांना सांगत होतो "दिसले दिसले". मग कळलं पलीकडे लग्न होतं आणि कागदी कंदील सोडले होते. पाहिले म्हटलं असतं तर खोटा पडलो असतो, दिसले तर दिसलेच होते.

वर्धारोडवाला:
अनोळखी इसम एकदम पटलं. आणि दिसण्यावरून आठवलं, २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, संध्याकाळी पावणेआठच्या आसपास कोण कोण गच्चीवर होतं? आम्ही गुढी उतरवून नुकतेच वर गेलो होतो आणि आकाशातून जळत्या रेघांचा एक झुबकाच्या झुबका सरकत गेला, आवाज काही नाही. शेजारचे काका म्हणाले उल्का, एकजण म्हणाला विमान जळतंय, कोणी मिसाईल म्हणालं, आईने हात जोडले. पाच मिनिटात पाच शब्द तयार! नंतर चंद्रपूरकडे सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूची मोठी गोल कडी पडलेली सापडली, तीनेक मीटर व्यासाची, आणि आजूबाजूच्या गावांमध्ये गोळे सापडले. अभ्यासकांनी कक्षेचा हिशोब लावून सांगितलं की हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा भाग, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या, वर्षभर फिरत फिरत खाली आलेला. उल्का नव्हती हे खरं तर चालीवरूनच कळायला पाहिजे होतं, उल्का बहुतेक वेळा एकदोन सेकंदात संपते, हा कचरा त्यामानाने हळू येतो, तिरपा घासत येतो, तुटत तुटत येतो म्हणून रेघांचा झुबका. म्हणजे इथेही चालच कामाची होती, अर्नोल्डच्या बशीसारखी.

आणि बघा, आकाशातून एकदाची खरीखुरी गोल वस्तू विदर्भात पडली तर तिला कोणी तबकडी म्हटलं नाही, सगळे म्हणाले रिंग.

जुना फिटर:
राजेहो तुम्ही आकाशातलं बोलून राहिले, मी जमिनीवरचं सांगतो. आयुध निर्माणीत नोकरी झाली आपली. आमच्या शॉपमध्ये जो पार्ट बने तो कशात लागते हे आम्हालेच माहीत नसे, ड्रॉइंगवर नंबर, बाकी काही नाही. घरी बायको इचारे आज काय बनवलं, मी म्हणो तू जेवायला काय बनवलं ते सांग. त्याच्यात गुपित बिपित काही नव्हतं, नियम होता. म्हणून मले ते "गुप्त लष्करी तंत्रज्ञान" वाचलं की हसू येते. गुप्त म्हटलं की आमच्या इकडे पहिले काय आठवते? गुप्तधन! बाबा येते, मध्यरात्री खड्डा खोदते, पैसे घेऊन पसार. सरकारी शब्द "गोपनीय" हाय. बाबूच्या कपाटातला गोपनीय अहवाल तुमी पायला काय? त्याच्यात परग्रहावरचं काही नसते, "कामात समाधानकारक" एवढंच असते. पण पाह्यता येत नाही म्हून माणूस जिंदगीभर भेते.

आता कोणी म्हणन का सगळंच फोकनाड हाय, नुसत्या थापा, तं तसंही नाही. लपवतात हे खरं हाय. काय लपवतात त्याच्यावर भांडण हाय.

धंतोलीची ताई:
फिटर काका, "फोकनाड" या शब्दासाठी तुम्हाला दंडवत, पुण्याच्या ऑफिसात मी एकदा वापरला तर सगळे तोंडाकडे बघत राहिले.

मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. या विषयात दोन पार्ट्या असतात, मानणारे आणि न मानणारे, आणि इंग्रजीत दुसऱ्या पार्टीला एक बरं नाव आहे, स्केप्टिक, मराठीत नाही. "संशयी" म्हणाल तर बायकोचा फोन तपासणारा नवरा डोळ्यासमोर येतो, आणि गीतेतल्या "संशयात्मा विनश्यति"मुळे तर त्याचा निकालच लागलाय. "शंकेखोर" म्हणजे डोक्याला ताप. पण शंका "विचारली" तर तो शहाणा विद्यार्थी! म्हणजे संशय घेतात आणि शंका विचारतात, घेणारा वाईट आणि विचारणारा चांगला. माझं मत "चिकित्सक" ला. त्यात डॉक्टर पण आहे आणि भाजी घेताना चार भेंड्या मोडून बघणारी माझी सासू पण आहे.

आणि विश्वासाचं तर काय सांगावं. विश्वास "ठेवतो" म्हणजे मी ठरवून ठेवला, उद्या उचलू शकतो. विश्वास "टाकला" म्हणजे माणसावर, त्याने दगा दिला तर संपलं. पण विश्वास "बसला" की तो आपोआप बसलेला असतो, उठवायचा कसा? तबकडीवाल्यांचा विश्वास बसलेला असतो आणि आपण त्यांच्याशी बोलतो ठेवलेल्यासारखं, की उचल बाबा, पुरावा नाही. म्हणून चर्चा पुढेच जात नाही. "तुम्ही मानता का?" हा प्रश्न तर नवसाचा आहे.

महालकर:
ताई मानलं! (हे पण मानलंच झालं की.)

वर्धारोडवाला:
फिटर काकांनी "लपवतात हे खरं" म्हटलं त्यावर भर घालतो, कारण माझ्या मूळ प्रश्नाचा अर्धा भाग तिथेच अडकलाय. अमेरिकेने १९५५ पासून यू-२ नावाचं हेरगिरीचं विमान उडवायला सुरुवात केली, नेवाडाच्या वाळवंटात, साठ हजार फुटांच्या वर. तेव्हाची प्रवासी विमानं दहा ते वीस हजार फुटांवर चालायची. आता समजा संध्याकाळ आहे, खाली पायलटच्या भोवती अंधार झालाय पण वरच्या त्या विमानाला अजून ऊन लागतंय, पंख चांदीसारखे, तर पायलटला वर एक जळता गोळा दिसणार नाही तर काय? तक्रारी गेल्या हवाई दलाकडे, तिथे ब्लू बुक नावाचा प्रकल्पच होता असल्या नोंदींसाठी. ते आतल्या आत उड्डाणांच्या वेळा जुळवून बघायचे, कळायचं की हे आपलंच, पण पत्र लिहिणाऱ्याला सांगायचं कसं? विमान तर गोपनीय. मग हवामान बिवामान काहीतरी कारण कळवून मोकळे. सीआयएचा १९९७ मध्ये बाहेर आलेला स्वतःचा अभ्यास म्हणतो की त्या काळातल्या निम्म्याहून जास्त नोंदी अशाच उड्डाणांच्या होत्या. यावर मानणारे म्हणतात की जे तेव्हा खोटं बोलले ते आता खरं बोलतात कशावरून, आणि निम्म्याहून जास्त हा आकडा कसा काढला हे चिकित्सक लोकही विचारतात. दोन्ही पार्ट्या एका प्रश्नावर एकत्र, असं फार कमी वेळा होतं.

अमेरिकेतल्या रॉसवेल गावाचं पण तेच. जुलै १९४७, म्हणजे बशी पेपरात येऊन दोन आठवडे झालेले, आणि लष्कराच्या तळाने स्वतःच जाहीर केलं की आम्हाला तबकडी सापडली, लगेच फिरवलं की हवामानाचा फुगा. १९९४ ला सांगितलं की तो मोगल नावाच्या प्रकल्पातला फुगा होता, रशियाच्या अणुचाचणीचा आवाज वरच्या हवेत पकडायला सोडलेला. फुगा तर फुगाच होता, पण कशाचा ते सांगायला ४७ वर्षं लावली. आता विश्वास बसायचा कुठे आणि कसा?

तर माझं म्हणणं, महालकर भाऊ, तुमच्या "अनोळखी" मध्ये एक भोक आहे. अनोळखी कोणाला? पंचनाम्यातल्या इसमाला कोणीच ओळखत नाही, म्हणून तो शब्द प्रामाणिक. यू-२ पत्र लिहिणाऱ्याला अनोळखी होतं आणि उत्तर देणाऱ्याच्या चांगलं ओळखीचं. ब्लू बुक १९६९ ला बंद झालं तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ "ओळख पटली नाही" म्हणून उरल्या. लोक ७०१ म्हणजे ७०१ परग्रहवासी धरतात, ते चूकच, पण ओळख पटलेल्या बाकीच्या नोंदींत "ओळख पटली पण सांगत नाही" असा रकानाच नव्हता.

महालकर:
हे बरोबर. पण उलटंही होते हां. २०१२-१३ ला लडाखमध्ये आपल्या जवानांनी तीनशेच्या वर नोंदी केल्या, चिनी ड्रोन येऊन राहिले म्हणून. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी बघितलं तर गुरू आणि शुक्र निघाले. थंड, स्वच्छ, उंचावरची हवा, ग्रह इतके तेजस्वी की आपल्या रामदासपेठेतल्या माणसाला ते ग्रह वाटणारच नाहीत. म्हणजे सगळ्यात जुने ओळखीचे, पंचांगातले, पत्रिकेतले, तेच अनोळखी झाले. याला तुमचा रकाना कोणता?

जुना फिटर:
वरिष्ठ भेटले अन् ओळखले नाही, असा रकाना.

धंतोलीची ताई:
हाहा. एक शब्द सुचवू? "वावडी". वावड्या उठवणे म्हणजे अफवा पसरवणे हे सगळ्यांना माहीत, पण वावडी म्हणजे मुळात पतंग, कागदी, उडवायची. आकाशात उडणारी वस्तू आणि तिच्याबद्दलची अफवा, दोघांना मराठीत एकच शब्द आधीपासून आहे, आणि आपण तबकडी घेऊन बसलोय.

वर्धारोडवाला:
ताई हा शब्द भारी आहे, पण मग ज्याला खरंच काही दिसलं त्याच्यावर आपण आधीच खोटेपणाचा शिक्का मारला. तबकडी मानणाऱ्यांच्या बाजूने झुकते आणि वावडी न मानणाऱ्यांच्या. आता अमेरिकन सरकारनेही युएफओ सोडून युएपी धरलंय, त्यात वस्तू काढून "घटना" आणलीय, २०२४ च्या अहवालात पेंटागॉनच्या ऑफिसने परग्रहाचा पुरावा नाही असंही सांगून टाकलं, पण अक्षरं बदलून विश्वास थोडाच उठतो. मी भाचीला "अनोळखी उडती वस्तू" लिहायला सांगितलं, खाली पाडव्याच्या त्या रेघा तिने रंगीत पेन्सिलने काढल्या, लाडबोरीची रिंग पण काढली.

काल वही परत आली. "अनोळखी उडती वस्तू" वर लाल पेनाने गोल, आणि बाजूला लिहिलंय "उडती तबकडी असे लिहावे".

महालकर:
गोल पुरा होता का चपटा?