मदत हवी आहे: 1987 चे खरेदीखत हरवले, दस्त क्रमांक माहीत नाही. प्रमाणित नक्कल कशी काढावी?

पानगळ
पुणे जिल्ह्यातली शेतजमीन, खरेदी आजोबांच्या नावे, 1987. मूळ खरेदीखत सापडत नाही. झेरॉक्स आहे, पण पहिले आणि शेवटचे पान गायब, म्हणजे नोंदणीचे शिक्के आणि क्रमांक दोन्ही नाहीत. गट क्रमांक माहीत आहे. बँकेचे वकील दुय्यम निबंधकांची प्रमाणित नक्कल मागत आहेत.
1. दस्त क्रमांक कुठून मिळवायचा?
2. आजोबा हयात नाहीत. नक्कल मला देतील का?
3. आहे त्या झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का घेतला तर चालेल का?

कुळकायदा
तिसऱ्याचे उत्तर आधी: नाही. नोटरी फार तर 'दाखवलेल्या मूळ कागदाशी ताडून पाहिले' असे लिहू शकतो, आणि तुमच्याकडे तर मूळच नाही. प्रमाणित नक्कल देण्याचा अधिकार ज्याच्या ताब्यात मूळ अभिलेख आहे त्या अधिकाऱ्याचा. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 76 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 75 मध्ये आहे.

दुसरे: देतील. स्थावराचे दस्त पुस्तक क्रमांक 1 मध्ये असतात आणि नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 57 प्रमाणे ते पुस्तक फी भरून कोणीही पाहू शकतो, नक्कलही घेऊ शकतो. वारस दाखला लागत नाही. खिडकीवर मागितला तर कलमाचा उल्लेख अर्जातच करा, वाद घालत बसू नका. मृत्युपत्र (पुस्तक 3) आणि पुस्तक 4 मधले (स्थावर सोडून इतर) दस्त यांना मात्र हा मोकळा नियम नाही. मृत्युपत्राची नक्कल, ते करणारा हयात असेपर्यंत, फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते, नंतर कोणालाही. पुस्तक 4 ची नक्कल फक्त दस्तातले पक्षकार किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे यांना.

रुजवात
क्रमांक शोधायला थेट निबंधक कार्यालयात जाऊ नका, आधी महसुलाकडून या. जुना हस्तलिखित सातबारा काढा. मालकाच्या नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक (फेरफार म्हणजे हक्क बदलल्याची महसुली नोंद). आजोबांचे नाव ज्या फेरफाराने लागले त्याची, म्हणजे गाव नमुना 6 मधल्या नोंदीची, नक्कल मागा. खरेदीचा फेरफार असेल तर त्यात 'रजिस्टर खरेदीखत', तारीख, किंमत आणि बहुतेक वेळा दस्त नंबरही लिहिलेला असतो.

आजचा ऑनलाइन सातबारा यासाठी पुरत नाही, त्यावर जुनी नावे दिसतीलच असे नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपयांत मिळतो, तो बँकेला द्यायला उत्तम. पण 1987 च्या फेरफारासाठी आधी 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन झालेला आहे का पाहा. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज. गावाचे नाव, गट क्रमांक, फेरफार क्रमांक तिन्ही लिहा. एकत्रीकरणाआधीचे (जमिनीचे तुकडे जोडून गट पाडण्यापूर्वीचे) काही हवे असेल तर जुना सर्वे नंबरही लागतो, गट क्रमांकावर ते सापडणार नाही.

पानगळ
फेरफारात फक्त तारीख निघाली, नंबर नसला तर?

रुजवात
तरी काम होते. निबंधक कार्यालयात 'शोध' अर्ज करा. सूची 1 माणसांच्या नावावर असते, सूची 2 मिळकतीवर. गाव आणि गट देऊन सूची 2 पाहायला सांगा. फी वर्षागणिक लागते म्हणून वर्षे मोजकीच घ्या, पण एकच घेऊ नका. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला दाखल करता येतो. डिसेंबर 1987 ला सही झालेला दस्त 1988 च्या क्रमांकात बसलेला असू शकतो आणि लोक 1987 चे रजिस्टर उलटून 'नाही' ऐकून परत येतात. शोध 1987-88 दोन्हीचा मागा.

निळी शाई
वरच्यांना जोडून. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमधून सूची 2 दिसली तरी ती माहितीपुरती. बँकेला कार्यालयाचीच प्रत लागते.

नक्कलेच्या अर्जात एवढे हवे: दस्ताचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष, पुस्तक 1, कार्यालयाचे नाव, लिहून देणार-घेणार, गाव-गट. 'सर्व पुरवण्या व नकाशासह संपूर्ण दस्त' हे शब्द आवर्जून घाला, नाहीतर जोडलेला नकाशा किंवा मुखत्यारपत्र हमखास राहते. तालुक्यात नंतर जादा कार्यालये उघडली असतील तर जुने रेकॉर्ड कोणाकडे आहे ते सह जिल्हा निबंधक कार्यालयात विचारा. चुकीच्या कार्यालयात फी भरली की परताव्याचे वेगळेच लचांड.

नक्कल हातात आल्यावर तिथेच उभे राहून तपासा: प्रत्येक पानावर शिक्का, पानांची संख्या, शेवटी अर्जाची व दिल्याची तारीख, नक्कल करणाऱ्याची आणि रुजवात घेणाऱ्याची (मूळाशी ताडून पाहणाऱ्याची) सही, निबंधकाची सही, पदनाम, मोहोर. यातले एक राहिले तरी वकील परत पाठवतात.

कुळकायदा
आणखी एक. त्या काळात दस्त पुस्तकात हाताने उतरवून घेतलेले असू शकतात. मग नक्कलीत आजोबांची सही दिसणार नाही, नुसते 'सही' आणि नाव लिहिलेले असेल. त्यात दोष काही नाही, बँकेच्या वकिलांना आधीच सांगून ठेवा.

पानगळ
समजले. आणि रेकॉर्ड जीर्ण झाले आहे, देता येत नाही म्हणाले तर?

निळी शाई
तोंडी ऐकून उठू नका. 'शोध घेतला, अभिलेख उपलब्ध नाही / जीर्ण आहे' असे लेखी पत्र जावक क्रमांकासह घ्या. दुय्यम पुरावा (मूळ दस्ताऐवजी दुसरा पुरावा) द्यायची वेळ आली की हेच पत्र कामी येते. पत्रही देत नसतील तर लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अपील करता येते. मुदत आणि अपील अधिकाऱ्याचे पद कार्यालयातल्या फलकावर असते. त्यासाठी अर्जाची पोच हवी, म्हणून अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसरीवर आवक शिक्का घ्या.

मूळ हरवल्याची पोलिसांतली नोंद आणि वृत्तपत्रातली जाहीर नोटीस बँक वेगळी मागेल. नक्कल मिळाली म्हणून ती टळत नाही. नोटिशीच्या मजकुरात दस्त क्रमांक लागतो, तेव्हा आधी क्रमांक, मग नोटीस.