अनुभव धागा: मुलांना ‘आत्ता नाही’ म्हणताना

पारिजात (धागाकर्ती)

गेले काही महिने बऱ्याच आईबाबांशी बोलणं झालं. जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात एका वेगळ्याच थकव्याचा उल्लेख आला. रविवारी झोप काढली तरी तो जात नाही. मूल हाक मारतं आणि पोटात गोळा येतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या मांडणीत पालकांच्या बर्नआउटच्या चार खुणा आहेत: आईबाप म्हणून जगताना अंगातलं त्राण संपणं, आपण पूर्वी असे नव्हतो हे सतत टोचणं, मुलांचं करण्याचाच वीट येणं, आणि मुलांचं सगळं करत असूनही मनाने लांब जाणं. मला सगळ्यात काळजी वाटते ती चौथीची. बाहेरून घर व्यवस्थित चाललेलं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

याच गटाने 42 देशांतल्या सतरा हजारांहून जास्त पालकांचा अभ्यास केला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे माणसं जास्त एकेकटी जगतात, त्या पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण जास्त दिसलं. आपली घरंही आता दोन-तीन माणसांची होत चालली आहेत, म्हणून हे वाचून मी थांबले.

मुलांना मर्यादा घालायची म्हटलं की आपल्याला ‘त्याने हे करू नये’ एवढंच सुचतं. माझ्या मते खरी मर्यादा स्वतःबद्दल असते: मी काय करीन, किती वाजेपर्यंत करीन, आणि त्यानंतर मी कुठे असेन. मूल त्यावर रडेल, चिडेल. तो त्याचा हक्क आहे आणि त्यामुळे मर्यादा मोडत नाही.

तुम्ही कुठे रेघ ओढली, मुलाला कशी सांगितली, घरातली मोठी माणसं काय म्हणाली, हे सविस्तर लिहा. सल्ल्यांपेक्षा अनुभव हवे आहेत.

चाकणकर

मी एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर. पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळी असली की कंपनीची बस सकाळी आठला सोडते. आंघोळ, नाश्ता करून झोपेपर्यंत साडेनऊ. मुलगी बालवाडीतून साडेबाराला येते आणि तिला बाबा हवा असतो. वन आरके घर, दुसरी खोली नाही.

आमच्या कामात झोप ही चैनीची गोष्ट नाही. प्रेसवर डुलकी लागली तर बोटं जातात. लाइनवर तसे हात मी बघितलेत. हे मी आधी बायकोला सांगितलं, मग आईला. आईचं म्हणणं, ‘लेकरू बापाकडं जातंय, जाऊ द्या की.’ तिला समजावणं मुलीला समजावण्यापेक्षा अवघड गेलं.

मुलीला घड्याळ कळत नव्हतं. कागदावर तीन वाजल्याचं घड्याळ काढून खऱ्या घड्याळाखाली चिकटवलं. दोन्ही सारखी दिसली की बाबाला उठवायचं, आणि उठवायचं काम तिचंच. आधीचे काही दिवस दर दहा मिनिटांनी ‘झालं का सारखं?’ चालायचं. मी डोळे मिटून पडून राहायचो. नंतर तिने ते काम मनावर घेतलं. आता शेजारची पोरं आली तर तीच तोंडावर बोट ठेवते.

उठल्यावर एक तास तिचा. फोन कपाटात. त्या तासात दळण, गॅस, बँक, काही नाही. तीन वाजेपर्यंत थांबलं की बाबा नक्की मिळतो हे तिला कळलं, म्हणून ती थांबते. एखाद्या दिवशी मी तो तास बुडवला तर दुसऱ्या दिवशी ती का थांबेल?

रंकाळा

आमच्याकडं जेवणावरून व्हायचं. थोरल्याला वांगं नको, धाकटीला तिखट नको, सासऱ्यांना पथ्याचं. रोज तीन भाज्या. आता एकच स्वयंपाक. ज्याला भाजी नको त्यानं दही-भात नाहीतर तूप-गूळ-चपाती स्वतःच्या हातानं वाढून घ्यायची. पथ्याचं तेवढं वेगळं, कारण ते औषध आहे. धाकटी दोन आठवडे तूप-गूळ खात राहिली. खाऊ दे. मी पुन्हा उठले नाही, एवढंच.

पारिजात

रंकाळा, ‘मी पुन्हा उठले नाही’ हे फार आवडलं. तिला भाजी खाच म्हणून आग्रहही केला नाहीस, हे विशेष.

नेकारकाठ

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. दोन मुलगे, सात आणि चार वर्षांचे. नवरा आठवड्यातले बरेच दिवस कामासाठी बाहेरगावी. मदतीला कुणी नाही.

इथल्या एका सोयीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण इथे येणाऱ्या अनेक मराठी आयांना ती माहीतच नसते. ‘मुटर-किंड-कूर’ म्हणजे आई आणि मुलांनी मिळून घेतलेला तीन आठवड्यांचा आरोग्यनिवास. फॅमिली डॉक्टर थकव्याचं प्रमाणपत्र देतात आणि सरकारी आरोग्यविमा खर्च उचलतो. मोठ्या माणसाला दिवसाला 10 युरो भरावे लागतात, मुलांचे काही नाहीत. बापांसाठीही वेगळी सोय आहे. यामागे 1950 मध्ये स्थापन झालेली एक संस्था आहे. पश्चिम जर्मनीच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एली हॉइस-क्नाप यांनी ती सुरू केली. युद्धानंतर मोडून पडलेल्या आयांना विश्रांती हा उपचार म्हणून मिळाला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. आपली आई आजारी पडल्याशिवाय कधी आडवी झालेली मी पाहिली नव्हती.

माझा पहिला अर्ज नामंजूर झाला. ते इथे बऱ्याच जणींचं होतं. लेखी हरकत घेतली की पुन्हा विचार होतो. तशी घेतली आणि मंजूर झाला. समुद्राजवळच्या दवाखान्यात दिवसा मुलं बालसंगोपन कक्षात, मी व्यायाम, समुपदेशन आणि एकटीने चालणं. समुपदेशक बाईंनी माझ्याकडून दिवसाचा तक्ता भरून घेतला आणि विचारलं, यात कुणीच तुला हाक मारणार नाही अशी वेळ कुठली? तसा एकही चौकोन नव्हता.

घरी आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. साडेसातला मुलं त्यांच्या खोलीत. झोप आली नाही तर पुस्तक बघा, गप्पा मारा. पण ताप किंवा उलटी सोडून आईला हाक नाही. इथे उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, ‘अजून दिवस आहे’ हा वाद व्हायचा. जाड पडदे लावले.

दुसरी गोष्ट अवघड होती. आजी-आजोबांचा रोजचा व्हिडिओ कॉल. त्यांचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आमचे उन्हाळ्यातले पाच. स्वयंपाक, भांडणं, चिखलाचे कपडे, आणि हातात फोन धरून मी मुलांच्या मागे. सासूबाईंना म्हटलं, ‘आई, आपण शनिवारी सकाळी निवांत बोलू, मुलं ताजी असतात.’ त्यांना वाईट वाटलं. सुरुवातीला त्या कमी बोलायच्या. पण आता शनिवारी मोठा मुलगा त्यांना मराठी वाचून दाखवतो. रोजच्या पाच मिनिटांत ते कधीच झालं नसतं.

दुपारची वेळ

मी सत्तरीच्या घरात आहे, म्हणून विषय थोडा वळवते. मुलं म्हणजे फक्त लहान मुलंच का? माझा मुलगा चाळीसचा आहे आणि मर्यादा मला त्याच्याशीच आखावी लागली.

नातू दोन वर्षांचा. मुलगा-सून दोघंही नोकरीला. सकाळी साडेआठपासून रात्री आठ-सव्वाआठपर्यंत बाळ माझ्याकडे. नातवंडाचं करताना थकले असं म्हणायची आजीला सोयच नाही. लोक म्हणतात, नशीबवान आहात. आहेच मी नशीबवान. पण गुडघे माझेच आहेत, आणि त्याला उचलून तीन जिने चढणं आता होत नाही.

एका रविवारी दोघांना समोर बसवून सांगितलं: गुरुवारी दुपारी माझं भजनी मंडळ, त्या दिवशी दुसरी सोय करा. रोज सात वाजता तुमच्यातलं एक जण घरी पाहिजे. बाळाला उचलून जिने मी चढणार नाही. मुलगा गप्प बसला, सूनबाई वहीत लिहून घेत होती. मग तिनेच तिच्या ऑफिसात विचारलं. 2017 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्याकडे ती कागदावर होती, कुणी मागतच नव्हतं. तिघी-चौघींनी मिळून अर्ज दिला. जवळच्या पाळणाघराशी करार झाला. आता बाळ आठवड्यातून दोन दिवस तिथे जातं आणि तिथल्या ताईंच्या मागे मागे फिरतं.

मुलींनो, तुमच्या आईने किंवा सासूबाईंनी कधी ‘नाही’ म्हटलं नसेल, तर तुम्हीच विचारा. आमच्या पिढीला आपणहून म्हणता येत नाही.

कडी

सव्वा वर्षाचं बाळ. मी बाथरूमची कडी लावायला लागले. बाळ खाटल्याच्या कठड्यात सुरक्षित, चार खेळणी, मी सात-आठ मिनिटं आत. रडतं. मी आतून गाणं म्हणते. बाहेर आले की दात काढून हसतं. इतरांना हे क्षुल्लक वाटेल, पण माझा दिवस यावर उभा आहे.

अनामिक

नाव न देता लिहिते. तुमचं सगळं वाचलं. माझ्याकडे रेघ ओढायचीही ताकद नाही. बाळ सात महिन्यांचं आहे. भाजीला बाहेर पडते तेव्हा वाटतं, समोर येईल त्या एसटीत बसावं आणि कुठेच उतरू नये. बाळाकडे बघून काही वाटत नाही. कुणाला सांगितलं की म्हणतात, सगळ्यांना होतं.

पारिजात

अनामिक, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. तुला मर्यादा नकोत, आधी मदत हवी आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं आणि ते उपचारांनी बरं होतं. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि वर लिहिलंस तेच शब्द त्यांना वाचून दाखव. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासायला सांग, बाळंतपणानंतर दोन्ही बिघडू शकतात. तोपर्यंत टेलिमानसचा 14416 हा नंबर आहे. केंद्र सरकारची सेवा आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर क्षणभरही एकटी राहू नकोस. घरातल्या कुणाला तरी उठव, शेजारचं दार वाजव, आणि लगेच दवाखाना गाठ. मला निरोप पाठव, मी तुझ्याशी बोलायला आहे.

गोदाघाट

माझा थोडा वेगळा सूर. मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. ‘आत्ता नाही, नंतर’ याचा त्याला काहीच बोध होत नाही. ‘नंतर’ त्याला दिसत नाही, म्हणून तो घाबरतो आणि मग स्वतःला मारतो. त्यामुळे ठाम राहा, रडू द्या, हे आमच्या घरात लागू होत नाही. डोळ्यांना दिसणारी गोष्ट लागते. वाळूचं घड्याळ, चित्रांची पट्टी: आई चहा पिते, मग आई झोका देते. चहाचं चित्र काढून डब्यात टाकायचं काम त्याचं. असा शांतपणे चहा मिळायला खूप महिने गेले.

पण जास्त थकवलं ते मुलाने नाही. थेरपीच्या घरी करायच्या पानांनी थकवलं. स्पीचचं वेगळं, ऑक्युपेशनलचं वेगळं, शाळेचं वेगळं. चोवीस तास मी त्याची थेरपिस्ट, आई कधी व्हायचं? शेवटी तिघींनाही सांगितलं की घरी रोज एकच गोष्ट करीन, कुठली ते तुम्ही आपसात ठरवा. एकीला पटलं नाही. दोघी म्हणाल्या, असं आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याला बस आवडते. रविवारी नवरा त्याला घेऊन नाशिकच्या सिटीलिंक बसने या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. तेवढा वेळ मी दार लावून झोपते. नवऱ्यालाही त्यामुळे मुलगा नव्याने कळला. कुठल्या स्टॉपवर तो हसतो, हे आता त्यालाच माहीत आहे.

मांजराकाठ

लातूरला मुलाच्या शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेल्या आया इथे असतीलच. अकरावी-बारावी मी तिथं होते, नवरा गावाकडं शेतीला. आमच्या बोळीत प्रत्येक खोलीत एक आई आणि एक ‘नीट’वालं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसणारं लेकरू. दिवे रात्री दोनपर्यंत. पोरगं जागं तर आई जागी, ही तिथली रीतच. चहा, पाठीवर हात, पुन्हा चहा. त्यात पाठांतर ऐकायला बसायचं. एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस मार्क, हे आकडे आम्हाला देवाच्या नावासारखे पाठ.

दिवाळीपर्यंत माझं डोकं सारखं दुखायला लागलं. रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी झोप विचारली. मी मुलाला म्हटलं, ‘बाळा, मी साडेदहाला झोपणार. थर्मासमध्ये चहा आहे, डब्यात शेंगदाण्याचा लाडू आहे. मला उठवायचं ते फक्त बरं वाटत नसलं तर.’ त्याला राग आला. म्हणाला, बाकीच्यांच्या आया जागतात. म्हटलं, जागतात, खरंय. मी नाही जागू शकत.

शेजारणी बोलल्या. नणंदेनं गावाकडं फोन करून नवऱ्याला सांगितलं की वहिनीला पोराची पडली नाही. नवरा पुढच्या गाडीनं आला, आणि आला तो चार दिवस राहिला, स्वयंपाक केला, मला झोपू दिलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आणि पोरगं? काही दिवसांनी तोही साडेअकराला झोपायला लागला. रात्री दोनपर्यंत तो अभ्यास कमी आणि माझ्यासमोर जागल्याचं दाखवणं जास्त करत होता, असं त्यानंच सांगितलं. सकाळी पाचला उठून वाचायचा. मेडिकलला नंबर लागला नाही, बीएस्सी ॲग्रीला गेला. मी जागले असते तर लागला असता का, असं लोक अजून विचारतात. मला तसं वाटत नाही आणि त्यालाही वाटत नाही. सुट्टीत आला की रात्री जेवून आम्ही दोघं ओट्यावर बसतो, तो कीटकांबद्दल बोलतो, मला निम्मं कळत नाही तरी ऐकते.

ज्यांची लेकरं यंदा दहावीत आहेत आणि लातूरला खोली बघायला निघालेत, त्यांनी मला विचारा. खोलीपेक्षा आधी पाणी बघा, किती दिवसांनी येतं ते. आणि डबा लावा. आईनं दोन वर्षं फक्त पोळ्या लाटायला तिथं राहायची गरज नाही, महिन्यातून दोनदा जाऊन आलं तरी चालतं. चांगल्या खानावळीचा पत्ता देते.