बडोद्याहून हिवाळ्यात समुद्रावर, विमानाने पण स्वस्तात. कुठे जावं?

सेवउसळप्रेमी
नमस्कार मंडळी, या हिवाळ्यात आई-बाबांना एकदा विमानात बसवायचंय, दोघंही पासष्टीच्या पुढे, बरोबर मी, बायको आणि सात वर्षांचा मुलगा. समुद्र हवा, गर्दी कमी हवी आणि शक्यतो लाखाच्या आत बसायला हवं. माझ्या डोक्यात गोवा किंवा अंदमान, बायकोच्या डोक्यात थायलंडचं फुकेत 🙂 ख्रिसमसच्या आठवड्यातलं भाडं बघितलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. काय करावं? आणि तिकीट हरणीवरून, म्हणजे बडोद्याच्याच एअरपोर्टवरून काढू की अहमदाबादहून?

दांडियाबाजारकर
ख्रिसमस ते १ जानेवारी विसरा. तेव्हा अर्धा गुजरात गोवा, दीव, दमणला असतो, का ते सांगायला नको. त्यात एनआरआय मंडळी लग्नांना आलेली, म्हणून अहमदाबादहून काहीही महागच. उत्तरायण होऊ द्या, १४-१५ जानेवारीला तसंही बडोदं सोडून कोण जातं, उंधियू खा, पतंग उडवा आणि मग पुढचे मंगळवार-बुधवार बघा, फक्त २६ जानेवारीला जोडून वीकेंड आला तर तो टाळा. हरणी की अहमदाबाद याचं म्हणाल तर नुसतं तिकीट बघू नका, पाच जणांची टॅक्सी जाऊन-येऊन, एक्सप्रेसवेचा टोल, पहाटेची फ्लाइट असेल तर म्हाताऱ्या माणसांना रात्री दोनला उठवणं, हे सगळं धरा. मुंबईत विमान बदलायचं असेल तर दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे गेले.

फतेगंजची_ताई
गोवा ठरलं तर आधी हॉटेल ठरव मग विमान. आता तिथे दोन एअरपोर्ट आहेत, मोपा २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो पार उत्तरेला, पेडण्याकडे. आई-बाबांसाठी शांत हवं म्हणजे कोळवा, बाणावली, पाळोळे, तिकडे जुना दाबोळी एअरपोर्ट जवळ. स्वस्त म्हणून मोप्याचं तिकीट काढलंस आणि पाळोळ्याला निघालास तर वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याला. आणखी एक, विमान जाताना एकदाच दाखव आणि येताना ट्रेनने ये, मडगावहून थेट बडोद्याला गाड्या आहेत. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी बस.

खारंवारं
मी अंदमानच्या बाजूने. पाणी बघाल तर गोवा विसराल. पण लाखात पाच जण अवघडच वाटतं, कारण चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढचं विमान, मग हॅवलॉक बेटाची बोट, सगळ्याचे वेगळे पैसे. आणि बोट हलते हं, बाबांना उलटीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. जानेवारीत तिथे सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो, म्हणजे सकाळी लवकर उठणारी आई-बाबांची पिढी तिथे खूश! परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला येऊन राहा (आता नाव श्री विजयपुरम), हवा बिघडली की बोटी बंद होतात.

दांडियाबाजारकर
फुकेतबद्दल कोणी बोललंच नाही. जानेवारीत हवा मस्त असते तिथे, पाऊस नाही. कोह सामुई मात्र दुसऱ्या बाजूला, तिकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाऊस झोडपतो, स्वस्त पॅकेज दिसलं म्हणून तेव्हाचं घेऊ नका. पासपोर्ट पाचांचे हवेत, किमान सहा महिने शिल्लक असलेले. आहेत का?

सेवउसळप्रेमी
बाबांचा पासपोर्टच नाही, म्हणजे फुकेत आपोआप बाद, बायकोला तुमचं नाव सांगतो 😄 गोवाच करतो, दाबोळीने जाऊन ट्रेनने परत. ताई, बाणावलीला जिने न चढता राहता येईल असं काही माहितीये का? आईचे गुडघे.

फतेगंजची_ताई
बुक करताना तळमजला आहे का ते फोन करून विचार, साइटवरच्या फोटोवर जाऊ नकोस. आणि गाद्या जमिनीवर नाहीत ना, हेही विचार.