जुना १८ एचपी मिनी ट्रॅक्टर, दोन पावसाळे उभा पडलेला, संत्र्याच्या बागेसाठी घ्यावा का?

बागवाला_कळमेश्वर

नमस्कार मंडळी. कळमेश्वर तालुक्यात आमची चार एकर संत्र्याची बाग आहे, लागवड जुनी, १८ बाय १८ फुटांवर, आणि आता झाडं एवढी पसरली आहेत की मोठा ट्रॅक्टर आत घातला की फांद्या मोडल्याशिवाय बाहेर येत नाही. इतके दिवस गावातला छोटा ट्रॅक्टर भाड्याने आणत होतो, पण ज्या आठवड्यात मला पाहिजे त्याच आठवड्यात सगळ्या गावाला पाहिजे असतो, आणि काळी माशी (संत्र्यावरची कीड) काही आपला नंबर लागेपर्यंत थांबत नाही.

तर ओळखीतून वरुडकडे एक मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी सापडला आहे. २०१२ चं पासिंग, एमएच-२७, सोबत तीन फुटी रोटावेटर. ज्यांचा होता ते काका वारले, मुलगा नोकरीवर आहे, म्हणून दोन पावसाळे टिनाच्या शेडखाली उभाच आहे. मुलगा म्हणतो बंद केला तेव्हा चालू कंडिशनमध्ये होता. एक लाख तीस हजार सांगून राहिला, थोडं खाली येईल असं वाटते. फोटोत रंग बरा दिसते, मागचे टायर थोडे तडकलेले दिसतात.

मला इंजिनाचं फारसं कळत नाही, पान्हे-पक्कड चालवता येते, ऑइल-फिल्टर घरी बदलतो, त्यापुढे मिस्त्रीच. पाहायला जाताना नेमकं काय पाहू? आणि असा उभा पडलेला घ्यावा की सरळ नाद सोडावा?

मिस्त्री_वाडी

भाऊ, नाद सोडायचं काही कारण नाही, मशीन चांगलं आहे, पण जाऊन पहिले बोलायच्या आधी सिलिंडर ब्लॉकवर हात ठेवजा. कोमट लागला तं समजून जा का सकाळीच कोणीतरी दुसरी बॅटरी लावून चालू करून ठेवला. डिझेल इंजिनाची तब्येत थंड असतानाच समजते, गरम झाल्यावर सगळेच चांगले वाजतात. ब्लॉक थंड असन तं चावी हीटरवर थोडा वेळ धरा आणि मंग सेल्फ मारा.

धूर पाहजा. चालू होताना पांढरा आला आणि मिनिटभरात साफ झाला तं काही नाही, एवढे दिवस उभा आहे बिचारा. निळा येतच राहिला तं ऑइल जळून राहिलं, रिंगा गेल्या. काळा लोडवर येते, रिकाम्या गाडीले काळा येत असन तं नोझल नाही तं एअर क्लीनर भरला, ते कमी खर्चाचं काम आहे. धुरापेक्षाही ब्रीदरचा पाइप, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडते तो, पाहजा, त्याच्यासमोर तळहात धरा. हलकी वाफ लागली तं ठीक, जोरात फसफस करून हातावर ऑइलचे थेंब उडाले तं बोअर-पिस्टनचं काम काढलंच समजा. आणि हे तीन सिलिंडरचं इंजिन आहे, युवराज २१५ सारखं एका सिलिंडरचं नाही, म्हणजे पिस्टन तीन, रिंगांचे सेट तीन, नोझल तीन. चालते मऊ, पण उघडलं का बिल तीनदा.

ऑइलची पट्टी काढा, काळं असन तं घाबरू नका, डिझेलचं ऑइल काळंच राहते, दुधाळ असन तं पाणी शिरलं. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडजा, मंग चालू करून आत बुडबुडे येऊन राहिले का पाहजा, आले तं हेड गॅस्केट. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत हेच गॅस्केट पहिले उडते, काऊन का रेडिएटरच्या जाळीत कचरा बसलेला कोणी धूतच नाही.

आता अवर मीटर. त्याच्यावर बिलकुल भरवसा नका ठेवू, केबल काढून ठेवली का मीटर थांबलं. त्यापेक्षा मागं खाली बसा आणि ड्रॉबारमधलं पिन टाकायचं भोक पाहा. गोल आहे तं गाडी वावरातच राबली. लांबट, अंडाकार झालं असन तं यानं ट्रॉली ओढली आहे, रेती ओढली, विटा ओढल्या, आणि १८ एचपीच्या गाडीनं ते केलं असन तं क्लच आणि मागचं गिअरबॉक्स कसं असन ते सांगायची गरज नाही. पेडलचं रबर पण पाहजा, मीटर पाचशे तास दाखवते आणि रबर घासून लोखंड दिसते, असं लय पाहिलं.

पीटीओच्या शाफ्टचे, म्हणजे रोटावेटर फिरवते त्या मागच्या दांड्याचे, सहा दाते बोटानं चाचपा, एका बाजूनं धार लागली असन तं रोटावेटर लय चालला. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा, किंगपिनचा खेळ समजन. आणि लिफ्ट: रोटावेटर पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा, मालकाकडं चहा मागा. चहा संपेस्तोवर रोटावेटर जमिनीले टेकला तं लिफ्टच्या सिलिंडरची सील गेली. मोठं काम नाही ते, पण भाव पाडायले कामाचं आहे.

ग्रामीण_चाळीस

वरच्या भाऊंनी इंजिनाचं सगळं सांगितलं, पण माझी नजर एका वेगळ्याच वाक्यावर गेली. "ते काका वारले." आरसी कोणाच्या नावावर आहे ते आधी विचारा! काकांच्याच नावावर असेल (आणि ९९ टक्के असेलच, कोणी बदलत नाही) तर मुलगा तुम्हाला विकूच शकत नाही, फॉर्म २९ आणि ३० वर (विकताना नाव बदलायचे फॉर्म) सही करायला आरसीवरचा माणूस हयात लागतो. आधी मुलाने फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते, म्हणजे आई, बहिणी, भाऊ जे कोणी असतील ते. मग अमरावती आरटीओहून (एमएच-२७ तिथलंच) फॉर्म २८ ची एनओसी, आणि मग तुमचं २९-३० होऊन एमएच-४० ला, म्हणजे नागपूर ग्रामीणला, नोंद. राज्यातल्या राज्यात आहे म्हणून नंबर तोच राहतो.

दुसरं, आरसीवर बँकेचा बोजा आहे का पाहा. कर्ज फिटलं असलं तरी बोजा आरसीवर तसाच राहतो, तो बँकेच्या पत्राने आणि फॉर्म ३५ ने उतरवावा लागतो, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. तिसरं, २०१२ चं पासिंग म्हणजे १५ वर्षं २०२७ ला भरतात. तेव्हा फॉर्म २५ भरून गाडी दाखवून नूतनीकरण, पुढची पाच वर्षं. हे सगळं होतं, अशक्य काही नाही, पण हे काम मुलाच्या गळ्यात घाला आणि त्यानंतरच पैसे द्या. बाँड पेपरवर लिहून घेतो, नंतर करू, असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन परत या. इंजिन कधीही बांधता येतं, पण एखाद्या वारसाने दोन वर्षांनी हात वर केला तर ट्रॅक्टर शेडमध्येच राहील, फक्त यावेळी तुमच्या शेडमध्ये.

चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि आरसीशी ताडून पाहा, पाच मिनिटांचं काम.

उमरेडकर

माझं मत उलटं आहे. एवढी झंझट करून जुनं कशाला घेता बे, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज टाका, नवीनवर अनुदान भेटते, जुन्यावर एक रुपया नाही. गॅरंटी वेगळी, लोन पण लवकर होते. जुनं मशीन म्हणजे दर हंगामात मिस्त्रीचं तोंड पाहणं.

बागवाला_कळमेश्वर

उमरेडकर भाऊ, बरोबर आहे तुमचं, पण अनुदान नंतर येते, आधी पूर्ण पैसे भरावे लागतात, आणि यंदा आंबिया बहाराच्या संत्र्याला जो भाव भेटला त्यात नवीनचा हप्ता डोक्यावर घ्यायची हिंमत नाही.

बाकी सगळ्यांचे लय आभार, जाऊन आलो. ब्लॉक थंडगार होता, बॅटरी मेलेली, मी गावातून एक सोबत नेली होती. सेल्फ जोरात मारते पण इंजिन पकडतच नव्हतं, डिझेलला वास मारत होता, मग मुलगा म्हणाला एअर घेतली असेल. तिथल्या एका पोरानं फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून एअर काढली, पहिले नुसता फेस आला, मग सलग धार लागली, स्क्रू कसला आणि थोड्या वेळानं पकडलं. पांढरा धूर भरपूर, नंतर साफ झाला. ब्रीदरला हलकी वाफ, हात कोरडा राहिला. ड्रॉबारचं भोक गोल आहे! मुलगा म्हणते ट्रॉली घरात नव्हतीच.

वाईट काय ते पण सांगतो. रोटावेटर चहा संपायच्या आधीच टेकला, माझी बशी पण रिकामी झाली नव्हती. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ आहे. एका बाजूचा ब्रेक जास्त ओढते. वायरिंग उंदरांनी खाल्ली आहे, हेडलाइट नाहीतच. मागच्या टायरला कडेनं तडे आहेत, नक्षी अर्धी शिल्लक.

आणि आरसी काकांच्याच नावावर. दोन बहिणी आहेत, एक पुण्यात. मुलगा चांगला वाटला, म्हणाला सह्या आणून देतो. मी एक लाख पाच सांगितले, तो एक पंधरावर आला आहे. बोजा नाही, पाहिलं.

गिअरबॉक्सच्या दुधाळ ऑइलचं काय समजायचं? तिथं जाऊन पोटात गोळा आला.

मिस्त्री_वाडी

गोळा येऊ देऊ नका. इंजिनाचं ऑइल दुधाळ असणं वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. गिअर लिव्हरच्या खाली रबराचं बूट राहते, ते फाटलं का टिनातून गळलेलं पाणी लिव्हरवरून सरळ आत. दोन पावसाळे हेच झालं असन. बहुतेक मिनी ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि लिफ्टचं ऑइल एकच, म्हणून लिफ्टमध्ये पण तेच पाणी फिरून राहिलं. पहिले ड्रेन प्लग काढून ऑइल पूर्ण सोडा, रात्रभर तसंच निथळू द्या, मंग थोडं डिझेल टाकून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन अगदी हळू, थोडाच वेळ फिरवा, लिफ्टचा दांडा हलवू नका, ते सोडा आणि नवीन ऑइल भरा. कंपनीनं जे ग्रेड लिहिलं आहे तेच, कोणी स्वस्तातलं साधं गिअर ऑइल गळ्यात मारन तं घेजा नको, लिफ्ट त्याच्यावर नीट चालत नाही. लिफ्टची जाळी धुवा, बूट नवीन टाका. थोडं चालवल्यावर परत ऑइल पाहजा, पुन्हा दुधाळ झालं तं पुन्हा बदला. यानंच लिफ्ट थोडी सुधरून जाईन, नाही सुधरली तं मंग सील. प्लगच्या चुंबकाले काय चिकटलं ते पाहजा, बारीक काळी पूड चालते, लोखंडाचे तुकडे नाही चालत.

डिझेलची टाकी उतरवून धुवा, नुसतं नवीन डिझेल ओतू नका, तळाशी गाळ बसला राहते तो हलला का फिल्टर चोंदते आणि पुन्हा एअर, पुन्हा तेच. फिल्टर नवीन. एवढं करून पण तीनपैकी एक सिलिंडर मिस मारत असन तं पाइपाचा नट एक-एक करून किंचित ढिला करून पाहा, ज्याचा नट ढिला करूनही आवाज बदलत नाही तो सिलिंडर आळशी, त्याचीच नोझल काढून पंप-नोझलवाल्याकडं प्रेशरले न्या. तिन्ही नका काढू. धारेसमोर बोट नका नेऊ, डिझेल चामडीतून आत जाते. पार्टसाठी नागपुरात घाट रोड, कॉटन मार्केट दोन्हीकडं विचारा, भावात फरक राहते.

ब्रेक घरी ॲडजस्ट होते, दोन्ही पेडलचा खेळ सारखा करा, तरी नाही जमलं तं लायनर. आणि आणताना चालवत नका आणू, पिकअपमध्ये टाका, जलालखेड्यापासून काटोलपर्यंत अशा ब्रेकवर कशाले जीव धोक्यात घालता.

संत्रा_नरखेड

ट्रॅक्टर बरा दिसून राहिला, पण रोटावेटरबद्दल बोलायचं आहे. संत्र्याची खाणारी मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात आणि लोकं नवीन खेळणं मिळालं की बुंध्यापर्यंत घालतात. मुळी तुटली, खोडाला पातं लागलं की तिथूनच डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) शिरतो, आणि डिंक्या एकदा लागला की बोर्डो पेस्ट लावत बसा. आमच्या बाजूच्या वावरात चांगली फळावर आलेली झाडं अशीच पिवळी पडत गेली. ओळीच्या मधोमध चालवा, झाडाच्या घेराबाहेर, आणि दोन-तीन इंचापेक्षा खोल नको. घेराच्या आत गवत कापा किंवा खुरपून काढा. खरं सांगायचं तर तुमच्या या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा फवारणीचे ब्लोअर आणि एचटीपी पंप चालवायला आहे, रोटावेटर विकून त्या पैशात टायर घ्या असं मी म्हणेन.

काळ्या मातीत पाऊस पडल्यावर लगेच आत नेऊ नका, हलकी गाडी जागच्या जागी फिरते आणि चाकोरी पडते. मागच्या टायरमध्ये वॉल्व्हच्या उंचीपर्यंत पाणी भरलं की पकड सुधारते, पण तुमचे तडे पाहून आधी टायर बदला.

बागवाला_कळमेश्वर

रोटावेटर विकायची गोष्ट बाबांना सांगितली तर ते मलाच विकतील. पण खोलीचं लक्षात ठेवतो.

मुलाशी बोललो. फॉर्म ३१ तो करेल, पुण्याच्या बहिणीची सही पुढच्या आठवड्यात, तोपर्यंत मी फक्त पाच हजार टोकन दिलं आणि त्याची पावती घेतली, त्यात लिहून घेतलं की नाव त्याच्यावर झालं नाही तर पैसे परत. एक लाख दहावर सौदा पक्का झाला. ग्रामीण_चाळीस भाऊ, विमा पण संपलेला आहे, तो कोणाच्या नावाने काढायचा?

ग्रामीण_चाळीस

नाव त्याच्यावर झालं की त्याच्या नावाने थर्ड पार्टी काढायला सांगा, ट्रान्सफरच्या वेळी चालू विमा लागतोच, मग तुमच्या नावावर करून घ्या. प्रीमियम तुम्ही भरा, भावात धरा.

मिस्त्री_वाडी

आणि ब्लोअर लावाल तेव्हा पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर आहे का पाहजा, जुन्या गाडीत ते हमखास गायब राहते. आपल्याकडं तोंडाले दुपट्टा बांधूनच फवारणी होते, ५४० आरपीएमवर त्याचं टोक शाफ्टमध्ये गेलं का माणूस ओढला जाते. पोराले पण सांगून ठेवजा, चालू शाफ्टवरून टांग टाकून जायचं नाही.

गाडी आली का फोटो टाका, वायरिंगचं पाहून सांगतो.