[मंडळ] राकुगोचा चौथरा ४२ की ६३ सेंमी? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

मंदार:
मंडळी, कॅबरे रात्रीचा आराखडा हॉलवाल्यांना शुक्रवारी द्यायचाय. बाकी सगळं ठरलं, राकुगो, म्हणजे एकट्यानं बसून सांगायची जपानी कथा, तिचा चौथरा तेवढा अडलाय. हॉलला स्टेज नाही. त्यांच्याकडे हिरादाई, म्हणजे लाकडी फळ्या (९१ × १८२ सेंमी, जाडी १२), आणि खाली लावायला हाकोउमा खोके आहेत. दोन हिरादाई जोडल्या की १८२ चा चौरस होतो, तेवढा पुरे. खोके आडवे टाकले तर एकूण उंची ३०, कुशीवर ४२, उभे केले तर ६३. मी ४२ लिहितोय. हरकत असेल तर आजच सांगा.

वैशाली:
मंदार, ४२ नको. टेबलं ७० सेंमी उंच आहेत. कलाकार गुडघे दुमडून बसतो, हात मांडीवर, म्हणजे फळीपासून जेमतेम २५-३०. ४२ वर ते हात टेबलाच्या पातळीला येणार आणि मधे साकेच्या बाटल्या. राकुगोचा सगळा खेळ पंखा आणि तेनुगुई (सुती पंचा) या दोन वस्तूंवर. मिटलेला पंखा चॉपस्टिक होतो, चिलीम होतो, तलवार होतो. घडी घातलेली तेनुगुई पाकीट किंवा पत्र होते. आपल्या निम्म्या लोकांना जपानी पटकन कळत नाही, त्यांना हातच कथा सांगणार आहेत. ६३ घ्या.

श्रीधर:
६३ ला विरोध नाही, पण उभे खोके डुलतात. तळ १८ × ३० आणि उंची ५१. राकुगोवाला शांत बसत नसतो, धावण्याच्या प्रसंगात गुडघ्यांवर उसळतो, पंखा फळीवर आपटतो. ९ खोके लागतील: तीन ओळी, प्रत्येकी तीन. मधली ओळ दोन फळ्यांच्या सांध्याखाली, दोन्हीला आधार देणारी. सांधा कासुगाईनं, म्हणजे लोखंडी कडीनं ठोकून घट्ट करायचा, नाहीतर फळ्या सरकून फट पडते. चढायला मागच्या बाजूला दोन पायऱ्या: एक खोका आडवा (१८), पुढे दोन आडवे एकावर एक (३६). किमोनोत याहून मोठं पाऊल पडत नाही. पायऱ्याही बांधा.

नीलिमा (तिकिटं):
मला कुणी विचारलंच नाही! ६३ असो वा ९०, चौथऱ्याकडे पाठ असलेल्यांचं काय? १२ टेबलं, प्रत्येकी ८ असे ९६ धरून विक्री केलीय. प्रत्येक टेबलाच्या चौथऱ्याकडच्या ३ खुर्च्या काढून अर्धचंद्र केला तर ६० उरतात, आणि ८२ नोंदण्या झाल्यात.

वैशाली:
नीलिमाताई, सगळीकडे अर्धचंद्र नको. पुढच्या ४ टेबलांना ५, मागच्या ८ ना ८. २० + ६४ = ८४. मागच्या टेबलांवर पाठ असणारे राकुगोच्या वेळी खुर्च्या वळवतील. ओळी मात्र एकाआड एक सरकवा, टेबलामागे टेबल नको. आणि राकुगो चालू असताना वाढप पूर्ण बंद. ताटाचा आवाज झाला की कथेतला विराम मोडतो.

अनिकेत (ध्वनी):
कॉलर माईक देणार नाही, किमोनोच्या गळपट्टीला घासून खरखर येते. समोर बुटका स्टँड, पण फळीवर नाही, जमिनीवरून. फळीवर ठेवला तर पंखा आपटल्याचा धप्प आवाज थेट माईकमध्ये जातो. माईकचं तोंड हनुवटीच्या खाली, चेहरा झाकायचा नाही.

सुहासिनी:
अनिकेत, शामिसेनच्या, म्हणजे कातडं मढवलेल्या तीन तारांच्या जपानी वाद्याच्या, आवाजातलं कृपया काही कापू नकोस. सर्वांत जाड तार वरच्या घोडीवर टेकत नाही, मानेच्या कडेला हलकी लागते, त्यातून जी झिणझिण येते तीच सावारी. मिरजेच्या तंबोऱ्यात दोऱ्यानं जवारी उघडतात, तोच नाद, उपाय वेगळा. वाद्य एसीच्या झोतात किंवा दिव्याखाली ठेवू नका. कोरड्या हवेत कातडं तडकतं, दमट हवेत सैलावतं. केस पाऊण तास आधी हॉलमध्ये आणून ठेवा.

अनिकेत:
कापणार नाही. पान्सोरी या कोरियन कथागायनातला ढोलवाला मात्र अधूनमधून दाद देतो, त्यालाही माईक हवा. गायिका उभी आणि चटई जमिनीवर, चौथरा नको. म्हणून राकुगो मध्यंतराच्या अगदी आधी ठेवा, जेवण वाढेपर्यंत चौथरा उतरवता येईल.

मीनल (सजावट):
चौथऱ्यामागे पैठण्या लावायचं ठरलंय, हे विसरू नका.

श्रीधर:
मीनल, नाही चालणार. हॉलमध्ये टांगलेल्या कापडावर बोएन, म्हणजे आगरोधक असल्याचं लेबल लागतं. साडीला ते कुठून आणणार? मागे सोनेरी पडदी ठेवा. टेबलावरच्या मेणबत्त्यांनाही अग्निशमन विभागाची परवानगी लागते, बॅटरीचे दिवे घ्या.

मीनल:
पडदी कुठली ते सजावटवाले ठरवतील. पैठण्या प्रवेशद्वारापाशी अंगावर नेसून उभ्या राहू.

मंदार:
६३ लिहून पाठवतोय, सोबत ९ + ३ खोके. झाबुतोन, म्हणजे कलाकाराची बसायची गादी, ठेवताना शिवण नसलेली बाजू प्रेक्षकांकडे, दोन कलाकारांच्या मधे ती उलटायला एक माणूस हवा. तोच मेकुरीचा, म्हणजे कलाकारांच्या नावांच्या पाटीचा, कागद उलटेल. नावं देवनागरीतही हवीत, जाड ब्रशनं. कोण लिहिणार?